रंगाचा डबा सगळ्यात शेवटी: खोली सजवताना कोणता क्रम धरावा

खोली नव्याने सजवायची म्हटलं की बहुतेक जण आधी शेड कार्ड उघडून बसतात. मुरलेले इंटिरिअर डिझायनर नेमकं उलटं करतात. भिंतीला रंग लागतो आधी, पण तो ठरतो शेवटी. कारण साधं आहे. रंगाच्या हजारो छटा मिळतात, हवी ती छटा कालवूनही मिळते. मनाजोगतं पडद्याचं कापड किंवा गालिचा मात्र शोधशोध शोधल्यावर एखादाच सापडतो. भिंत आधी रंगवून बसलात की पुढची सगळी खरेदी त्या भिंतीच्या मर्जीने करावी लागते. म्हणून आधी मापं, मग मांडणी, उजेड, कापड, त्यानंतर रंग आणि शेवटी भिंतीवर टांगायच्या वस्तू, असा क्रम धरा.

मापं घ्या

खोलीची लांबी-रुंदी तर मोजाच, पण खिडकीच्या चौकटीपासून छतापर्यंत किती जागा आहे, दार उघडताना कुठवर येतं, प्लग पॉइंट कुठे आहेत, हेही कागदावर उतरवा. घराचं मुख्य दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळणसुद्धा मोजा. खोलीत आरामात मावणारा सोफा जिन्यात अडकला, तर त्या मावण्याचा काही उपयोग नाही.

सोफ्याआधी त्याचा कागद आणा

दुकानाचं छत उंच, जागा ऐसपैस. तिथे आटोपशीर वाटलेला सोफा घरात आला की अंगावर येतो. यावर उपाय फुकटातला आहे. सोफ्याची लांबी आणि पुढून मागेपर्यंतचं माप घेऊन वर्तमानपत्रं जोडा, त्या आकाराचा तुकडा कापा आणि मास्किंग टेपने जमिनीवर चिकटवा. टीपॉय, खुर्च्या, कपाट, सगळ्यांचे असेच कागद करा. मग दोन-तीन दिवस त्या कागदांवर पाय न देता वावरा. कुठे वळसा घ्यावा लागतो, कपाटाचं दार कुठे सोफ्याला भिडतं, ड्रॉवर पूर्ण उघडतो की नाही, सगळं आपोआप कळतं.

काही आकडे हाताशी असू द्या. येण्याजाण्याच्या मुख्य वाटेला 30 ते 36 इंच जागा सोडा. सोफा आणि टीपॉय यांच्यात 14 ते 18 इंच पुरतात. त्याहून कमी ठेवलं तर गुडघे आपटतात, जास्त ठेवलं तर कप ठेवायला उठावं लागतं. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा इंच-दोन इंच कमी आणि लांबी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असली की तो नजरेला खटकत नाही. आणि सगळं सामान भिंतींना चिकटवून मधे मैदान ठेवायची सवय सोडा. मोठ्या खोलीत सोफा वीतभर जरी पुढे ओढला, तरी समोरासमोर बसलेल्यांना आवाज चढवावा लागत नाही.

उजेड: इथे हात आखडू नका

माझ्या मते खोली बिघडते ती सगळ्यात जास्त छताच्या मधोमध लावलेल्या एकुलत्या एका दिव्यामुळे. त्याचा उजेड वरून सरळ खाली पडतो, माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पाडतो आणि कोपरे अंधारात ठेवतो. डिझायनर उजेडाचे तीन थर करतात: खोलीभर पसरणारा, वाचन किंवा शिवणासारख्या कामापुरता आणि एखादं चित्र किंवा झाड उठून दिसावं म्हणून टाकलेला. सोफ्याशेजारी टेबल लॅम्प ठेवलात तर बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला येईल असं बघा, म्हणजे बल्ब डोळ्यांत जात नाही. जेवणाच्या टेबलावर लटकणारा दिवा टेबलापासून 30 ते 36 इंच वर असावा.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 म्हणजे उबदार पिवळसर उजेड, तो बैठकीला आणि झोपायच्या खोलीला शोभतो. 4000 च्या आसपासचा कामाच्या जागी ठीक. 6500 चा निळसर पांढरा उजेड संध्याकाळी घराला दवाखान्याची कळा आणतो. एकाच खोलीत दोन तऱ्हेचे बल्ब मिसळू नका. त्याच खोक्यावर सीआरआय हा आकडाही शोधा. 90 किंवा त्याहून जास्त असेल तर कापडाचे आणि भिंतीचे रंग खरे दिसतात. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लावायचा असेल तर बल्ब डिमरवर चालणारा आहे ना, तेवढं वाचून घ्या. सगळे एलईडी चालत नाहीत.

पडदे आणि गालिचा

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून लावू नका. चौकट आणि छत यांच्या मधोमध किंवा त्याहूनही वर लावा आणि दोन्ही बाजूंना सहा ते दहा इंच बाहेर काढा. पडदे सरकवले की ते भिंतीवर जमा होतात, काच मोकळी राहते आणि खिडकी आहे त्याहून मोठी भासते. कापडाची एकूण रुंदी रॉडच्या दोन ते अडीच पट घ्या. रॉड पाच फुटांचा असेल तर किमान दहा फूट. कापड वाचवायला गेलात तर चुण्या पडत नाहीत आणि पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. खालची कड जमिनीला टेकावी किंवा जेमतेम अर्धा इंच वर राहावी. सुती कापड आटतं, तेव्हा शिवायला टाकण्याआधी धुऊन घ्या.

गालिच्याचं गणित सोपं. सोफा आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा असेल तर चारही बाजूंनी 24 इंच बाहेर हवा, नाहीतर खुर्ची मागे ओढताना पाय कडेला अडकतो.

आता रंग

60-30-10 हा ठोकताळा ऐकला असेल: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, दहा टक्के उठावाचा. चांगला आहे, पण तराजू घेऊन बसू नका. कापडात आलेल्यांपैकी सर्वांत फिका रंग भिंतीसाठी धरलात की निम्मं काम झालं. शेड कार्डवरच्या छोट्या चौकोनावर निवड करू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. पूर्ण भिंतीवर रंग नमुन्यापेक्षा गडद वाटतो, त्यामुळे दोन छटांत अडलात तर फिकी घ्या. भिंत ओबडधोबड असेल तर मॅट फिनिश. चकचकीत रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो.

चित्रं टांगताना

चित्रं सहसा फार उंच टांगली जातात. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर आणा; सोफ्यावर टांगायचं असेल तर चित्राची खालची कड सोफ्याच्या पाठीच्या कडेपासून सहा ते आठ इंच वर. तीन-चार चौकटी एकत्र लावायच्या असतील तर त्यांचे कागदी आकार आधी भिंतीवर चिकटवून बघा आणि खिळे कागदातूनच ठोका. जड चौकट एका खिळ्याऐवजी थोड्या अंतरावरच्या दोन खिळ्यांवर अडकवा, म्हणजे ती दर आठवड्याला सरळ करत बसावी लागणार नाही.