घरी आणण्याआधी: फुप्फुसांच्या संसर्गातून उठलेल्या माणसासाठी सहा महिन्यांची तयारी

तयारी वॉर्डातच सुरू करा. ‘उद्या घरी न्या’ असं डॉक्टर म्हणाले की सगळे गाडी आणि बिल यांच्या मागे धावतात. एका माणसाने मात्र वही घेऊन खाटेजवळ थांबावं. डिस्चार्ज समरी हातात आल्यावर ती तिथेच वाचावी आणि अडेल ते तिथेच विचारावं. बसल्या जागी ऑक्सिजन किती आहे, चार पावलं चालल्यावर किती होतो? स्टिरॉइड चालू असेल तर कुठल्या तारखेला किती गोळ्या कमी करायच्या? बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही. रक्त पातळ करणारं औषध कधीपर्यंत द्यायचं? साखर घरी मोजायची का, दिवसातून किती वेळा? आजचं वजन किती? एचआरसीटीची, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनची, सीडी मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही, कारण तीन महिन्यांनी नव्या फोटोशी तुलना करायची तर जुना फोटोच लागतो. हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत पुढच्या वेळी दुसरेच डॉक्टर भेटतील आणि तुमच्या माणसाची कहाणी ती फाइलच सांगेल.

मग घरातल्या सगळ्यांना बसवून काळाचा अंदाज द्या. ‘घरी आले म्हणजे बरे झाले’ असं धरून चालणाऱ्या घरात आजाऱ्याचे फार हाल होतात. न्यूमोनियाबद्दलच्या ब्रिटनच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत साधारण क्रम दिला आहे: आठवड्यात ताप जातो, चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी होतो, सहा आठवड्यांत खोकला आणि धाप उतरते, तीन महिन्यांनीही थकवा उरू शकतो आणि बहुतेकांना पूर्ववत वाटायला सहा महिने लागतात. व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांना याहून अधिक काळ लागू शकतो. 2003 साली कॅनडातल्या संशोधकांनी एआरडीएसमधून (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेतून) वाचलेल्या 109 जणांचा वर्षभर पाठपुरावा केला. सहा महिन्यांत त्यांच्या फुप्फुसांच्या फुंकण्याच्या चाचण्या जवळपास सामान्य झाल्या होत्या, पण वर्ष उलटल्यावरही सहा मिनिटांत चालायचं अंतर अपेक्षेच्या दोनतृतीयांशच होतं. अडत होतं ते झिजलेल्या स्नायूंपाशी. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपण फक्त छातीकडे बघत राहतो आणि मांड्या विसरतो.

आता घर. गोव्यात डिचोली, फोंडा, पेडण्याकडच्या जुन्या घरांत उंबरठे उंच, न्हाणी मागच्या दारी आणि संडास त्याहून पलीकडे. पहिले काही आठवडे झोपायची खोली आणि संडास एकाच पातळीवर, पंधरा-वीस पावलांच्या आत हवेत. जमत नसेल तर कमोड खुर्ची भाड्याने आणा. यात लाजण्यासारखं काही नाही. न्हाणीत पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला धरायला पक्का दांडा, हाताशी टॉवेल. उभं राहून डोक्यावर तांब्या ओतणं म्हणजे या दिवसांत मोठी मेहनत असते. बसून अंघोळ करावी, पाणी कोमट असावं आणि कडी आतून लावू नये.

धुराबाबत मी कडक आहे. अंघोळीचं पाणी तापवायला मागे नारळाची सोडणं पेटत असतील तर तो धूर खोलीत येता कामा नये. गीझर किंवा गॅस वापरा. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. देवापुढे तुपाची लहान वात पुरते. आमच्या आजीला हे पटवायला वेळ लागला, पण नातवाचा खोकला ऐकून ती स्वतःच धुपाटणं उचलून अंगणात गेली. घरातल्या विडी-सिगारेटवाल्याने अंगणातही नको, सोडूनच द्यावी. पावसाळा असेल तर भिंतीवरची बुरशी आजारी माणूस घरी यायच्या आधी पुसून घ्या, ओले कपडे त्याच्या खोलीत वाळत घालू नका आणि पाऊस थांबला की खिडक्या उघडा.

घरी ऑक्सिजन लागणार असेल तर विजेचा विचार आधी. आपल्याकडे जून-जुलैत माड किंवा फांदी तारेवर पडली की गाव तासन्‌तास अंधारात जातो आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर विजेवरच चालतो. पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरवर ते काही तासच टिकतं आणि इन्व्हर्टर ते उचलतो की नाही, हे मेन स्विच बंद करून दिवसाउजेडी तपासून घ्यावं. शिवाय भरलेला एक सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना जवळ हवा. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर वायू मावतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरने बारा तास. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा, घाबरलेल्या डोक्याने तो होत नाही. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, चूल आणि दिव्यापासून किमान तीन मीटर दूर. यंत्र भिंतीला टेकवू नका, त्याची जाळी आठवड्याला धुवा, ऑक्सिजन ओला करणाऱ्या बाटलीतलं पाणी रोज बदला आणि ते उकळून गार केलेलंच वापरा. किती लिटर लावायचे ते डॉक्टर ठरवतील. धाप लागली म्हणून कोणी मनाने चक्र फिरवू नये.

ऑक्सिमीटर चांगला घ्या आणि नीट वापरा. बोट गार असेल, नखाला पॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा फसवा येतो. पाच मिनिटं शांत बसवून, बोट ऊब देऊन, मिनिटभर थांबून स्थिरावलेला आकडा टिपा. सकाळ-संध्याकाळ आणि चालून आल्यावर एवढं पुरे. दर दहा मिनिटांनी बघितलं की आजारी आणि बघणारा दोघांचीही झोप उडते. साधारण 94 च्या वर ठीक, त्याखाली राहू लागला तर डॉक्टरांना फोन, 90 च्या खाली गेला तर 108. चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरत असेल तर तेही कळवा. ज्यांना आधीपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे त्यांची मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

108 ला फोन करायची बाकीची कारणं फ्रिजवर चिकटवा: अचानक वाढलेली धाप, छातीत कळ, ओठ निळे पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, खोकल्यातून रक्त. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही थांबू नका. स्टिरॉइड घेतलेल्या, विशेषतः मधुमेही माणसाचा अर्धा चेहरा दुखला, एकच नाकपुडी चोंदून काळसर स्राव आला, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले तर त्याच दिवशी दाखवा. काळ्या बुरशीने 2021 मध्ये काय केलं ते आपण पाहिलं आहे.

व्यायामासाठी काही विकत आणायला नको. हात असलेली एक मजबूत खुर्ची हवी. तिच्यावरून उठणं-बसणं हाच मांड्यांचा पहिला व्यायाम, आधी हातांनी रेटून, मग हळूहळू हात न लावता. श्वासासाठी नाकाने आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर, बाहेर सोडायला आत घेण्याच्या दुप्पट वेळ. धाप लागली की पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवावीत. श्वास ओढून चेंडू वर उचलायचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर दिलं असेल तर चेंडू उडवायची चढाओढ नको, सावकाश ओढून धरणं महत्त्वाचं. चालताना एक वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. आज अंगणापर्यंत चालल्यावर उद्या अंथरुणातून उठवत नसेल तर आजचं चालणं जास्त झालं. परवा कमी करा आणि तिथेच काही दिवस थांबा. कोविडनंतर कष्ट केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळणारे बरेच असतात. त्यांना ‘जोर लावा, आळस झटका’ म्हणणं अपाय करतं. अंघोळ, जेवण, पाहुणे, व्यायाम एकापाठोपाठ लावू नका, प्रत्येकानंतर पाठ टेकायला वेळ ठेवा.

खाण्यात पेज हवीच, पण नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडं ठीक असतील तर किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 55 किलोच्या माणसाला 66 ते 82 ग्रॅम. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर अंडं, दुपारी ताज्या बांगड्याचं किंवा लेप्याचं हुमण, शाकाहारी घरात मुगागाठी, अळसांदे, दही, पनीर. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. खाऱ्या मासळीचं ताट रक्तदाब असलेल्याने टाळावं. व्हेंटिलेटरची नळी घशात होती त्यांचा आवाज काही काळ घोगरा राहतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ताठ बसवूनच द्या आणि डॉक्टरांना सांगा. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागू शकतात. घाबरू नका, बहुधा परत येतात.

मनाचीही तयारी लागते. आयसीयूत काय झालं याचे तुटक, भयानक आभास लोकांना महिनोन्‌महिने छळतात: कोणी आपल्याला बांधलं, कोणी मारायला आलं. ते हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवसांत खरोखर काय घडलं, कोण भेटायला आलं होतं, कधी नळी काढली, हे घरच्यांनी तारखांसह लिहून ठेवून त्यांना वाचून दाखवलं की पुष्कळांना बरं वाटतं. झोप येत नसेल, रडू थांबत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. आणि बघणाऱ्यांच्या पाळ्या लावा. सगळा भार एकट्या सुनेवर टाकणारी घरं मी फार पाहिली आहेत आणि त्याचा मला खरंच राग येतो.

चतुर्थी मध्ये येत असेल तर मूळ घरी आधीच कळवा. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची हौस असली तरी या वर्षी खुर्चीत बसून सांगायचं काम त्यांचं, वर चढायचं दुसऱ्यांचं. फटाके दूर, सर्दी-तापाचे पाहुणे दूर, आरतीच्या गर्दीत मास्क.

कामावर परतण्याची तारीख मालकाला आत्ताच देऊ नका. अर्ध्या दिवसाने सुरुवात करता येईल का, एवढंच विचारून ठेवा. चार ते सहा आठवड्यांनी तपासणी आणि तीनेक महिन्यांनी छातीचा एक्स-रे, या दोन तारखा कॅलेंडरवर घाला. तेव्हाही डाग दिसले किंवा धाप उरली तर फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि गरज पडल्यास पुन्हा एचआरसीटी करावी का, हे छातीच्या डॉक्टरांना विचारा. त्याच भेटीत फ्लू आणि न्यूमोकोकल लशींचं बोलून घ्या. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, आपल्याकडे ती पावसाच्या आधी घेतलेली बरी.