‘सिटेशियन’ हा शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा

देवमासे (व्हेल), डॉल्फिन आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखाच दिसणारा प्राणी) या सगळ्यांचं मिळून एक नाव म्हणजे सिटेशियन. मूळ शब्द ग्रीक ‘कीटॉस’, अर्थ समुद्रातला अजस्र प्राणी. लॅटिनमध्ये त्याचा ‘सीटस’ झाला, आणि तिमिंगल तारकासमूहाचं लॅटिन नावही तेच आहे. गटाला सिटेशिया म्हणतात, त्यातल्या प्राण्याला सिटेशियन. म्हणून ‘किनाऱ्यावर सिटेशिया आढळला’ हे वाक्य चूक. ‘सिटेशियात सुमारे ९० जाती आहेत’ हे बरोबर.

लिहायला घेण्याआधी बघा, जात माहीत आहे का? असेल तर सरळ ‘निळा देवमासा’ किंवा ‘ऑर्का’ लिहा. तिथे सिटेशियन म्हणणं म्हणजे उगाच विद्वत्ता मिरवणं. हा शब्द खरा कामी येतो तो विधान साऱ्या गटाला लागू असतं तेव्हा (‘सिटेशियनांचे मागचे पाय उत्क्रांतीत नाहीसे झाले’), किंवा फोटोत नुसती पाठ आणि पर दिसतो, व्हेल की डॉल्फिन ते ठरत नाही, तेव्हा.

मग प्राणी या गटातला आहे का ते तपासा. शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. माशाची उभी असते. व्हेल शार्क इथेच बाद होतो, कारण तो कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा आहे. पण नुसत्या शेपटीवर भिस्त ठेवू नका. ड्यूगाँग आणि मॅनाटी (पाण्यात राहणारे शाकाहारी सस्तन प्राणी) यांचीही शेपटी आडवी, तरी ते सिटेशियन नाहीत. त्यांच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी असतात. सिटेशियनांचं श्वासछिद्र डोक्याच्या वरच्या बाजूला. सील तर लांबच राहिले, त्यांना मागचे पाय असतात. आणि ‘डॉल्फिन फिश’ म्हणून विकला जातो तो माही-माही, निव्वळ मासा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो व्हेल आणि डॉल्फिन यांच्या सीमेवर. शास्त्रीय विभागणी वेगळीच आहे: एकीकडे दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या (बलीन) असलेले, ज्यांना दोन श्वासछिद्रं असतात, दुसरीकडे दात असलेले, ज्यांना एकच. सगळे डॉल्फिन दुसऱ्या गटात येतात, पण स्पर्म व्हेलही तिथेच. त्यामुळे ‘व्हेलना बलीन, डॉल्फिनना दात’ हे वाक्य सोपं वाटलं तरी लिहू नका. आकारावरही जाऊ नका. ऑर्काला किलर व्हेल म्हणतात, पण तो डॉल्फिनच्या कुळातला, आणि नर नऊ मीटरपर्यंत वाढतो. ड्वार्फ स्पर्म व्हेल मात्र तीन मीटरही भरत नाही. पायलट व्हेल हासुद्धा डॉल्फिनच. म्हणजे नावात ‘व्हेल’ दिसलं की आधी कूळ बघायचं. पॉर्पॉइजला डॉल्फिनचं पिल्लू समजून मोकळे होणारेही पुष्कळ. त्याचे दात चपटे, फावड्यासारखे असतात, डॉल्फिनचे शंकूसारखे. आणि त्याला पुढे आलेली चोच नसते.

भाषांतर करताना ‘छोटे सिटेशियन’ असा शब्दप्रयोग येतो. तो पिल्लांबद्दल नसतो. डॉल्फिन, पॉर्पॉइज आणि दात असलेले इतर लहान व्हेल त्यात धरतात. तिथे ‘लहान देवमासे’ लिहिलंत की डॉल्फिन परस्पर गळाले.

‘देवमासा’ टाकून द्यायची गरज नाही. रुळलेला शब्द आहे, फक्त पहिल्या उल्लेखात हा सस्तन प्राणी आहे हे सांगून टाका. बातमीच्या मथळ्यात ‘महाकाय मासा’ मात्र नको.

राहिलं व्याकरण. शब्द पुल्लिंगी चालवा: एक सिटेशियन, अनेक सिटेशियन, सिटेशियनांना, सिटेशियनांचा. ‘सिटेशियन्सना’ नको, त्यात अनेकवचन दोनदा होतं. आणि टंकताना ‘सायटेशन’ होत नाही ना, तेवढं बघा. तो संदर्भ देण्यासाठीचा वेगळाच शब्द, आणि मुद्रितशोधनात सहज निसटतो.