उंचावरच्या सहलीचा महिना ठरवताना
नुसतं तापमान बघून महिना ठरवू नका; आधी तिथला पाऊस कधी संपतो ते पाहा. एव्हरेस्टच्या परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, कारण पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते आणि शिखरं लख्ख दिसतात. एप्रिल-मेमध्ये ऊब जास्त, पण दुपारी ढग दाटतात. पेरूच्या अँडीजमध्ये कोरडा काळ मे ते सप्टेंबर, म्हणजे चक्क तिथला हिवाळा! दर 1000 मीटरला पारा साधारण 6.5 अंशांनी उतरतो, त्यामुळे पायथ्याच्या गावाचा अंदाज वरच्या मुक्कामाला लावू नका. बर्फाने बंद होणारी खिंड वाटेत असेल, तर रस्ता उघडल्यानंतरचा पहिला आठवडा टाळलेला बरा. मोसम कुठलाही असो, 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नका.