हंगामी बिअर चाखायला बसण्याआधी

घरी सहा जणांनी बसून, नावं झाकून बिअर चाखायची आणि गुण द्यायचे, तर आधी ड्राय डे टाळून तारीख ठरवा. येणारा प्रत्येकजण २१ पूर्ण आहे ना, परमिट आहे ना, तेही तपासा. कागदाचं काम एवढंच. खरं काम उन्हाचं आहे.

एप्रिल-मे महिन्यात पुण्याहून संभाजीनगरला किंवा पुढे जालना-परभणीकडे बिअर आणायची तर ती डिकीत उघडी ठेवू नका. थर्माकोलचा डबा, तळाला बर्फ, वरून गोणपाट. गरम झालेल्या बिअरमध्ये ऑक्सिजनमुळे होणारी खराबी वेगाने वाढते आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात राहिली तर काही मिनिटांतच हॉप्समधला (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) कडू अंश प्रकाशाने फुटतो आणि जळक्या रबरासारखा उग्र दर्प सुटतो. तपकिरी बाटली बरी, कॅन सगळ्यांत उत्तम. घेतानाच लेबलवरची उत्पादनाची तारीख वाचा. आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली कडवट बिअर) तीन महिन्यांच्या आतली असावी, कारण हॉप्सचा सुगंध आधी उडतो. स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) जरा जुनी चालते. उन्हाने बिघडलेल्या बिअरचे गुण बनवणाऱ्याच्या नावावर कापणं हा शुद्ध अन्याय आहे.

सहा जणांसाठी प्रत्येकी ९० मिली, म्हणजे एका बिअरला ५४० मिली: ३३० मिलीच्या दोन बाटल्या. पाच प्रकार पुरेत, सहाव्यानंतर जीभ काही सांगत नाही. चाखणाऱ्याची पारख जोखायला त्यातली एक बिअर मुद्दाम दोनदा द्यायची असल्याने तिच्या चार बाटल्या, एकूण बारा. ओतणारा माणूस सातवा. तो पीत नाही, गुण देत नाही, शेवटी सगळ्यांना घरी सोडतो.

ग्लास काचेचेच हवेत, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळखळा आणि जाळीवर उपडे ठेवा. फडक्याने पुसलं की धागे आणि तेलकटपणा राहतो. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटले तर ग्लास स्वच्छ नाही. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचा हात जारच्या पाण्याचा द्या, प्यायलाही तेच ठेवा.

गव्हाची बिअर ५ ते ७ अंशांवर द्या, पेल एल (फिकट रंगाची, आयपीएहून सौम्य) आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३. मेमध्ये अंदाज चुकतोच, त्यामुळे स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ ठेवा आणि एकावेळी एकच प्रकार फ्रिजबाहेर काढा.

खोलीत अगरबत्ती, गजरा, अत्तर नको. कूलरचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही: ओल्या वाळ्याचा वास सगळ्या ग्लासांवर बसतो. आधी तासभर चालवून खोली गार करा, मग बंद करून पंखा लावा. तासभर आधीपासून सिगारेट, गुटखा, बडीशेप बंद. नान-खलिया नंतर. मधे चघळायला बिनमिठाची ज्वारीची भाकरी किंवा साधे मुरमुरे, चिवडा नाही. उरलेली ओतायला एक बादली.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे घाला. क्रम असा: गहू, पेल एल, आंब्याची बिअर, पुन्हा तीच पेल एल, आयपीए, स्टाउट. गव्हाच्या बिअरच्या तळाचा यीस्ट (आंबवणारं किण्व) ओतण्याआधीच हलकेच हलवून घ्या, नाहीतर पहिल्याला नितळ आणि शेवटच्याला गढूळ मिळते. गुणपत्रिका ५० ची: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण मत १०. बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या अमेरिकी संस्थेच्या परीक्षणात हीच विभागणी आहे. शेवटी दोषाला जागा सोडा: लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा, व्हिनेगरचा. केळं आणि लवंग मात्र जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे येतात, तिथे त्यांचे गुण कापू नका.

गुण लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, कारण पहिल्याने ‘आंबा भारी’ म्हटलं की बाकीचे तिकडेच झुकतात. मग आकडे उघडण्याआधी दोन आणि चार नंबरचे गुण जुळवा. एकाच बिअरला ज्याने पाचाहून जास्त फरकाने गुण दिले, त्याची त्या दिवशीची पत्रिका सरासरीत धरू नका.