स्टार्टर मारताना मीटरकडे बघा

बॅटरी बदलून घ्यायला माझ्याकडे कुर्ल्याला येण्याआधी घरीच एवढं तपासा. साधा डिजिटल मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी.

आता कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही आकड्यावरून नजर हलवू नका. तो खाली येणारच, स्टार्टर शंभराहून जास्त अँपियर ओढतो. १० च्या वर थांबला तर उत्तम. ९.६ च्याही खाली गेला तर बॅटरी थकलीय, नाहीतर टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या बॅटरीच्या टोकांवर, हिरवा-पांढरा थर चढलाय. आपल्या खाऱ्या हवेत हा थर फार लवकर धरतो. गाडी बंद करून, वायरी काढून तो आधी साफ करा, मग पुन्हा मोजा. थर घासला की काम झालं, अशा गाड्या मी रोज बघतो.

इंजिन लागलं की १३.८ ते १४.५ यायला हवं, डॅशवरचा लाल बॅटरीचा दिवा विझायला हवा. मग हेडलाइट, एसी, वायपर सगळं एकदम लावा, पावसात सायनच्या ट्रॅफिकमध्ये लावता तसं. १३ च्या खाली घसरलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कमजोर किंवा त्याचा बेल्ट ढिला. १५ च्या वर म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे अधूनमधून कमी आकडा दिसला तरी घाबरू नका.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून कुणालाही ‘चेक’ करू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जळू शकतो.