बेसबॉलच्या मायनर लीगमधल्या आउटफिल्डरचं करिअर कसं वाचायचं

मायनर लीग म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खालच्या, तयारीच्या लीग, आणि आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात लेफ्ट, सेंटर किंवा राइटला उभा राहणारा फील्डर. आधी बॅटिंग ॲव्हरेज (हजार संधींत २६० हिट म्हणजे .२६०) बघूच नका, वय आणि लेव्हल बघा. रुकी लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशी चढण असते आणि २० वर्षांचा पोरगा डबल-एमध्ये .२६० मारत असेल तर मला तो २५ वर्षांच्या .३०० वाल्यापेक्षा भारी वाटतो, कारण तिथले पिचर (बॉल टाकणारे) स्ट्राइक कमी पडून मागे पडल्यावरही स्लायडर (वळणारा बॉल) टाकतात, नुसता फास्टबॉल ओळखून भागत नाही, बरेच जण तिथंच अडकतात.

मग पोझिशन. सेंटरमधून लेफ्टला सरकवलं तर बहुतेक पाय मंदावलेत किंवा जास्त चपळ कोणीतरी आलाय, आणि मग त्याला बॅटच्याच जोरावर टिकावं लागतं. राइटला दमदार हात लागतो, थर्ड बेसपर्यंतचा थ्रो लांब पडतो ना.

होम रन (कुंपणापलीकडे मारलेले फटके) मोजताना मैदान विसरू नका हं. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये (ट्रिपल-एची एक लीग) अल्बुकर्की, रिनोसारखी उंचावरची मैदानं आहेत, हवा विरळ, बॉल उडतच जातो. म्हणून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार खराब बॉलवर फुकट मिळालेला पहिला बेस) बघा, ते फसवत नाहीत.

शेवटी ट्रान्झॅक्शन (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या नोंदी) वाचा, मेजर लीग संघाच्या ४० जणांच्या रोस्टरवर (यादीत) नाव आलं का, रूल ५ ड्राफ्टमध्ये, म्हणजे त्या यादीत न ठेवलेल्यांतून, दुसऱ्या संघानं कोणी उचललं का. आणि तिशीतही ट्रिपल-एला खेळणाऱ्याला फेल म्हणू नका प्लीज, खेळाडू आणि लीगमधल्या २०२३ च्या कराराआधी तिथला किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलर होता, आता कुठे ३५,८०० च्या पुढे गेलाय, आधी त्या १७,५०० वरच ही माणसं रोज मैदानात उतरायची.