गाण्याबद्दल खरा अभिप्राय कसा मिळवावा

हौसेने गाणाऱ्याला ‘छान गातेस’, ‘मस्त गातोस’ हे हमखास ऐकायला मिळतं. म्हणणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्याला तुम्ही आवडता, गाणं ओळखीचं असतं आणि समोरासमोर दुसरं काय बोलावं हे त्याला सुचत नाही. पण या कौतुकातून उद्याच्या रियाजाला काहीच मिळत नाही. कधी याच्या उलट घडतं. कुणीतरी एकदाच ‘तुझा गळा गाण्याचा नाही’ असं म्हणून जातो आणि ऐकणारा वर्षानुवर्षं चारचौघांत तोंड उघडत नाही. माझ्या मते दोन्ही अभिप्राय सारखेच निरुपयोगी आहेत, कारण गाण्यातल्या कुठल्या जागी काय झालं हे दोन्हींतून कळत नाही. उपयोगी पडतो तो जागा दाखवणारा अभिप्राय. तो आपसूक मिळत नाही, त्यासाठी तजवीज करावी लागते.

१. आवाज आणि गाणं वेगळं करा

‘माझा आवाज कसा आहे?’ या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात. आवाजाची जात, म्हणजे तो जाड आहे की बारीक, गोड आहे की खरखरीत, ही बरीचशी शरीरावर ठरते. स्वरतंतूंची लांबी-जाडी आणि घसा, तोंड, नाक यांच्या पोकळ्यांचा आकार आपण निवडलेला नसतो. तो पोत कुणाला आवडेल, कुणाला नाही. सूर, लय, श्वास, उच्चार आणि आवाजाचा चढउतार या गोष्टी मात्र मेहनतीने बदलतात. गाता गळा, शिंपता मळा, ही म्हण त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून अभिप्राय मागायचा तो या बदलणाऱ्या गोष्टींबद्दल. एका वेळी दोनच निवडा. पाचही एकदम विचारल्या तर ऐकणारा गोंधळतो आणि शेवटी ‘छान’वर येऊन थांबतो.

२. आवाज लपवणार नाही असं रेकॉर्डिंग करा

गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून खालचे कंप जास्त पोचतात, त्यामुळे स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाट नसते. म्हणून ‘हा माझा आवाज नाहीच’ असं वाटतं. पण बाकी सगळ्यांना ऐकू येतो तो साधारण तोच आवाज. ऐकून ऐकून त्याची सवय होते, तेव्हा पहिल्या ऐकण्यातल्या नाराजीवरून काही ठरवू नका.

महागडा माईक लागत नाही, फोन पुरतो. तो तोंडापासून हातभर अंतरावर आणि जरा बाजूला ठेवा. अगदी जवळ धरला तर वरच्या सुरांना आवाज फाटतो. पडदे, गाद्या, कपडे असलेली खोली बरी. न्हाणीघरात आवाज घुमतो आणि कच्च्या जागा त्या घुमण्यात झाकल्या जातात. कराओके ॲप वापरत असाल तर त्यातला घुमारा आणि सूर दुरुस्त करणारी सोय दोन्ही बंद करा. सूर आपोआप ओढून जागेवर आणणारं तंत्र १९९७ मध्ये बाजारात आलं आणि आता ते फोनमध्येही सर्रास असतं. ते चालू राहिलं तर मिळणारा अभिप्राय त्या यंत्राला असेल. फोनमधली आजूबाजूचा गोंगाट कमी करणारी सोयही शक्य असेल तर बंद ठेवा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू विरत जाणाऱ्या सुराला ती गोंगाट समजून कापून टाकू शकते.

संगीताच्या ट्रॅकवर गाणार असाल तर तो वायरच्या हेडफोनमधून आणि एकाच कानात ऐका. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि लय पक्की असलेला गायकही रेकॉर्डिंगमध्ये मागे पडलेला दिसतो. दोन्ही कान बंद असले तर माणूस नकळत जोर लावून गातो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये मांडलं होतं. कानात मोठ्याने वाजणारा ट्रॅकही तेच करतो.

दोन रेकॉर्डिंग करा. एक नेहमीच्या साथीवर आणि एक साथीशिवाय. दुसऱ्यासाठी पेटीवर किंवा ॲपवर आपला सा एकदा वाजवा, सूर मनात धरा, आणि वाद्य बंद करून अख्खं गाणं म्हणा. संपल्यावर शेवटचा सा धरून ठेवा आणि त्यावर पुन्हा तोच सा वाजवा. दोन्ही एकात एक मिसळले तर उत्तम. बहुतेकदा आपण थोडे उतरलेले असतो. ट्रॅकवर गाताना हे कधीच कळत नाही, कारण साथ आपल्याला दर ओळीला सावरून घेते. नवशिक्याने एकच चाचणी करायची असेल तर ही करावी असं मला मनापासून वाटतं.

गाणं दोन-अडीच मिनिटांचं, सलग गायलेलं असावं, तुकडे जोडलेलं नको. शक्यतो फार गाजलेलं गाणं टाळा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ गाणं वाजायला लागतं, आणि मग तो तुमच्या गाण्याबद्दल न बोलता तुलनेबद्दल बोलतो.

३. दुसऱ्याला देण्याआधी स्वतः ऐका

रेकॉर्डिंग झाल्या झाल्या ऐकू नका, एक रात्र जाऊ द्या. मग तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त सुराकडे लक्ष, दुसऱ्यांदा हाताने ताल धरून फक्त लय, तिसऱ्यांदा फक्त शब्द. शेजारी कागद ठेवा आणि वेळेसकट लिहा. नोंदी अशा दिसाव्यात:

०:१८ – ओळीच्या शेवटचा लांब सूर खाली बसला
०:४१ – शब्द मधेच तोडून श्वास घेतला
१:०५ – वरच्या जागी आवाज आवळला
१:३२ – अंतऱ्यात लय पळाली

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. पुढे लोकांच्या म्हणण्याशी तो ताडून पाहायचा आहे. लोकांनी दाखवलेली जागा तुमच्या कागदावर आधीच असेल तर तुमचा कान तयार आहे, काम फक्त गळ्याचं उरलं आहे. कागदावर नसेल तर आधी कान तयार करायला हवा.

सूर मोजणारी ॲप्स इथे बेताने वापरा. ती दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचे १०० भाग करून तुम्ही किती वर-खाली आहात ते दाखवतात. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), मुरकी (सुरांची झटकन घेतलेली गिरकी), आंदोलन (सूर हळूहळू झुलवणं) यांत काटा हलणारच, तिकडे बघू नका. ठेवून धरलेले लांब सूर तेवढे तपासा. कानाने तपासायची पद्धत याहून चांगली आहे. एखादा स्थिर सूर वाजत ठेवून त्यावर आपला सूर लावा. वाजणारा सूर सेकंदाला ४४० कंपांचा असेल आणि तुमचा ४३७ चा, तर सेकंदाला तीनदा आवाज लहान-मोठा होताना ऐकू येतो. हे हेलकावे जसजसे मंदावतात तसतसे तुम्ही सुराजवळ येता, आणि सूर मिळाला की ते थांबतात.

४. माणसं निवडा

तीन जण पुरेत, पण ते तीन वेगवेगळ्या प्रकारचे हवेत. एक शिकलेला कान, म्हणजे गाणं शिकवणारे किंवा साथसंगत करणारे. पेटीवाले आणि तबलजी यांच्याकडे नवखे गायक फारसे जात नाहीत. खरं तर त्यांनी अनेक गळे अगदी जवळून ऐकलेले असतात, आणि कोण कुठे डळमळतो हे त्यांना बोटांनी कळतं. दुसरा, तुम्हाला न ओळखणारा साधा श्रोता. ओळखीच्या कुणाला तरी सांगून, गाणारा कोण हे न सांगता रेकॉर्डिंग ऐकवून घ्या. तिसरा, तुमच्यासारखाच शिकणारा कुणी. तुमचं त्याने ऐकायचं, त्याचं तुम्ही. दुसऱ्याच्या गाण्यातली चूक नेमक्या शब्दांत सांगायची वेळ आली की स्वतःची ऐकू यायला लागते.

घरच्यांना सुरातालाचं विचारू नका. पण एका बाबतीत त्यांच्यासारखं दुसरं कुणी नाही. तुमचा रोजचा आवाज त्यांच्या कानात असतो. तेव्हा ‘हल्ली माझा आवाज बसल्यासारखा, थकल्यासारखा वाटतो का?’ हे त्यांना जरूर विचारा. गाताना घसा दुखत असेल, किंवा आवाज दोन-तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल, तर अभिप्राय गोळा करणं बाजूला ठेवा आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

५. प्रश्न असा विचारा की ‘छान’ हे उत्तरच बसणार नाही

सगळं इथे अडतं. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की समोरच्यापुढे दोनच पर्याय उरतात, कौतुक करणं किंवा मन दुखावणं. भला माणूस पहिलाच निवडतो. त्याला तिसरा पर्याय द्यायला हवा. चूक आहेच असं आपणच गृहीत धरून विचारलं की त्याच्यावरचं ओझं उतरतं. ‘यात दोन-तीन कच्च्या जागा आहेत हे मला माहीत आहे, तुम्हाला कोणत्या जाणवल्या?’ या प्रश्नाला ‘छान’ म्हणून सुटता येत नाही.

साध्या श्रोत्याला संगीताचे शब्द वापरायला लावू नका. त्याला विचारा, ‘ऐकताना लक्ष कुठे उडालं?’, ‘कुठला शब्द कळला नाही?’ त्याहून चांगलं म्हणजे दोन ओळी ऐकवून ऐकू आले तसे शब्द लिहून मागा. त्याने लिहिलेल्या कागदाइतका प्रामाणिक अभिप्राय उच्चारांबद्दल कुठेही मिळणार नाही.

जाणकाराला काही पाठवायचं तर निरोप छोटा आणि नेमका असावा:

‘नमस्कार. सोबत अडीच मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. साथ फक्त तानपुऱ्याची, कुठलीही दुरुस्ती केलेली नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. वरच्या सुरांवर आवाज आवळतो का? आणि अंतऱ्यात लय पळते का? जागा लक्षात आली तर वेळ कळवाल का? सवडीने ऐकलंत तरी चालेल.’

जाणकार माणसं अशा निरोपाला उत्तर देण्याची शक्यता जास्त, कारण त्यांना आपण किती वेळ मागतोय हे आधीच कळतं.

आणखी एक युक्ती आहे. एकच गाणं दोन पद्धतींनी गा, समजा एकदा नेहमीच्या पट्टीत आणि एकदा एक स्वर खाली. दोन्ही पाठवा आणि ‘कोणतं बरं वाटलं, पहिलं की दुसरं?’ एवढंच विचारा. दोन्ही तुमचीच असल्याने वाईट वाटण्याचा प्रश्न येत नाही आणि उत्तर सरळ मिळतं.

६. ऐकून घ्या, लिहून घ्या, खुलासा देऊ नका

‘त्या दिवशी घसा बसला होता’ हे वाक्य गिळून टाका. तुम्ही एकदा बचाव केलात की पुढच्या वेळी त्या माणसाकडून ‘छान’च मिळणार. तो म्हणाला ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि फार तर ‘ती जागा दाखवता का?’ एवढं विचारा.

७. मग चाळणी लावा

तिघांपैकी दोघांनी एकमेकांना न विचारता तीच जागा दाखवली तर ती पक्की धरा. एकानेच सांगितलेली बाजूला ठेवा. एक म्हणतो भाव जास्त झाला आणि दुसरा म्हणतो कमी पडला, तर तो बहुधा आवडीनिवडीचा भाग आहे.

साध्या श्रोत्याच्या शब्दांमागचं कारण आपल्याला शोधावं लागतं. ‘कंटाळवाणं वाटलं’ याचा अर्थ बऱ्याचदा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने लावला आहे असा निघतो. ‘ओरडल्यासारखं वाटलं’ तर आधी पट्टी तपासा, ती तुमच्या गळ्याला उंच असेल. ओळीच्या शेवटी सूर उतरतो असं सांगितलं तर नुसता तो सूर घोटू नका, तिथपर्यंत श्वास पुरतो का ते पाहा. मला ऐकायला मिळणाऱ्या नवख्या गाण्यांमध्ये हीच तक्रार सगळ्यांत जास्त असते, आणि श्वास आधीच्या योग्य जागी घेतला की ती पुष्कळदा तिथल्या तिथे कमी होते.

‘तुला सूरच नाही’ हे कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. स्वरांतला फरकच न कळणं ही जन्मजात अवस्था असते खरी, पण ती फार थोड्या लोकांत आढळते. पेटीवर लगतचे दोन स्वर वाजवल्यावर कोणता वरचा हे तुम्हाला सहज सांगता येत असेल, तर गळ्याला कानाच्या मागे चालायला शिकवणं एवढंच काम आहे. स्पर्धेतल्या निकालालाही अभिप्राय समजू नका. दुसरं कुणी निवडलं गेलं एवढंच त्यातून कळतं, का ते कळत नाही.

शिक्षकाकडे एका तासासाठी गेलात तर एक खूण बघा. चांगला शिक्षक चूक सांगून थांबत नाही. तीच ओळ तोंड जरा जास्त उघडून, किंवा हळू आवाजात, किंवा श्वासाची जागा बदलून तिथेच पुन्हा म्हणून घेतो, आणि फरक तुमच्या तुम्हाला ऐकू येतो.

८. तेच गाणं पुन्हा

पक्क्या ठरलेल्या जागांपैकी एकच घ्या आणि महिना-दीड महिना तिच्यावर काम करा. मग तेच गाणं, त्याच पट्टीत, त्याच खोलीत, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. जुनं आणि नवं दोन्ही त्याच माणसांना पाठवा, पण कोणतं कधीचं हे सांगू नका. बहुतेकांनी नवं निवडलं तर पुढची जागा घ्या. त्यांनी जुनं निवडलं तर रियाजात नको तिथे जोर लागतो आहे का, ते कुणा जाणकारासमोर बसून तपासून घ्या.